पडद्यावरील दवंडी

जाहिरात हा शब्द 'जाहीर' या शब्दावरून आला, आणि जाहीर म्हणजे उघड, सर्वांस कळलेलें. जी गोष्ट लोकांस ठाऊक नाहीं ती त्यांच्या कानीं घालावी, एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ. जुन्या काळीं गांवांत दवंडी पिटली जाई. हलगीचा आवाज आला कीं बायकामाणसें दाराशीं येत, दवंडीवाला आपलें म्हणणें सांगे आणि पुढच्या आळीला निघून जाई. ज्यांस ऐकावयाचें नसे ते हातचें काम सोडून उठत नसत. दवंडीवाला कोणाच्या माजघरांत शिरला, जेवणाऱ्याच्या ताटापुढें उभा राहिला, किंवा अभ्यास करणाऱ्या मुलाचें पुस्तक मिटून त्यावर बसला, असें कोणीं ऐकलें नसेल.

आज इंटरनेटवर वाचणाऱ्यास मात्र असा अनुभव दिवसांतून अनेक वेळां येतो. बातमी वाचावयास घ्यावी तों मजकुरावर एक चौकट येऊन बसते. ती मिटविण्याची फुली इतकी बारीक असते कीं बोट फुलीवर न पडतां जाहिरातीवरच पडावें. दहावीचा विद्यार्थी भूमितीचें प्रमेय समजून घेण्यासाठीं चित्रफीत लावतो. शिक्षक त्रिकोणाची मध्यगा काढूं लागतात न लागतात तोंच एखादें शीतपेय, एखादा खेळ किंवा झटपट कर्ज देणारी एखादी कंपनी मध्येंच हजर होते. पाककृति पाहत स्वयंपाक करणाऱ्या मातेची फोडणी करपते ती निराळीच. पालकांकडून ही तक्रार वारंवार ऐकूं येते. विद्यार्थी तर तक्रार करण्याचेंहि सोडून देतात, कारण इंटरनेट म्हटलें कीं हें असेंच असावयाचें, अशी त्यांची समजूत झालेली असते. तें असें कां असतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हा उपद्रव अपघातानें झालेला नाहीं. तो हिशेबानें घडविलेला आहे, आणि तो हिशेब आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजण्यासारखा आहे.

आरंभीं एक गोष्ट न्यायबुद्धीनें मान्य केली पाहिजे. जाहिरात ही मुळांत वाईट वस्तु नव्हे. १८३३ सालीं न्यूयॉर्क शहरांत बेंजामिन डे या मुद्रकानें 'सन' नांवाचें दैनिक काढलें व त्याची किंमत अवघी एक सेंट ठेविली. त्या वेळीं तेथील इतर मोठ्या दैनिकांस सहा सेंट पडत. एवढ्या अल्प किंमतीवर छापखान्याचा खर्च भागेना हें उघड आहे. बाकीचा भार जाहिरातदारांनीं उचलला, आणि त्यामुळें मोलमजुरी करणाऱ्या माणसाच्या हातींहि वर्तमानपत्र आलें. आपल्याकडे रेडिओचीहि तीच कथा. १९५२ सालीं रेडिओ सिलोनवर सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' दंतमंजनाच्या नांवानें ओळखली जाई, आणि तरीहि लाखों घरांत ती आवडीनें ऐकली गेली. विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १९६७ सालीं. दूरदर्शनवर १९७६ सालीं. घरोघरच्या आजीआजोबांस त्या काळच्या साबणांचीं व चहाचीं गाणीं अद्यापि पाठ असतात, आणि तीं म्हणतांना त्यांच्या मुद्रेवर राग दिसत नाहीं.

मग आतांच हा राग कां? याचें कारण असें कीं, त्या जुन्या जाहिराती सर्वांस सारख्याच होत्या, आणि ऐकणारा कोण आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. रेडिओला तोंड होतें, कान नव्हते. वर्तमानपत्राच्या पानावर जाहिरात छापली म्हणजे ती आपल्या कोपऱ्यांत गप्प पडून राही. वाचकानें तिच्याकडे पाहिलें काय, न पाहिलें काय, तिला कळण्याचा मार्ग नव्हता. इंटरनेटवरील जाहिरातीनें या दोन्ही गोष्टी पालटल्या.

२७ ऑक्टोबर १९९४ हा दिवस या नव्या जाहिरातीच्या आरंभाचा मानतात. त्या दिवशीं अमेरिकेंतील 'वायर्ड' मासिकाच्या 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर पानाच्या माथ्यावर आडव्या पट्ट्या झळकल्या. त्यांतील ए. टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीची पट्टी इतिहासांत नांव मिळवून बसली आहे. पट्टी नवीन होती, लोकांस कुतूहल होतें, त्यांनीं तीवर बोट ठेवून पाहिलें. परंतु कुतूहल किती दिवस टिकणार? थोड्याच वर्षांत वाचकांचे डोळे आपोआप त्या पट्ट्या टाळून मजकुराकडे जाऊं लागले. १९९८ सालीं अभ्यासकांनीं या संवयीस 'पट्टी-अंधत्व' अशा अर्थाचें नांव दिलें. येथें गोष्टीस वळण लागलें. वाचकानें पाहणें सोडलें तेव्हां जाहिरातदारानें मजकूर अधिक उपयुक्त करावा, हा एक मार्ग होता. वाचकास न पाहणें अशक्य करावें, हा दुसरा. व्यापारानें दुसरा मार्ग धरला.

पानावर आपोआप उघडणारी जी लहान खिडकी, तिचा जन्म याच सुमारास झाला, आणि तिची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. 'ट्रायपॉड' नांवाच्या संकेतस्थळावर कोणीहि आपलें पान विनामूल्य मांडूं शके. तेथें एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर झळकली आणि कंपनी संतापली. तेव्हां तेथील प्रोग्रॅमर ईथन झुकरमन यांनीं अशी युक्ति काढली कीं, जाहिरात त्या पानावर न छापतां निराळ्या खिडकींत उघडावी, म्हणजे पानाचा व जाहिरातीचा संबंध कोणी जोडणार नाहीं. हेतु एका ग्राहकाची अब्रू राखण्याचा. परिणाम मात्र साऱ्या जगास भोगावा लागला. २०१४ सालीं 'ॲटलांटिक' मासिकांत लेख लिहून झुकरमन यांनीं या शोधाबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्या लेखांतील त्यांचा खरा मुद्दा खिडकीपेक्षां मोठा होता: इंटरनेटवरील सर्व कांहीं फुकट द्यावें आणि खर्च जाहिरातींतून काढावा, हा पायाच चुकीचा पडला, असें त्यांचें म्हणणें आहे. आम्हांस हें म्हणणें बव्हंशीं खरें वाटतें.

लोक इतके त्रासले कीं खिडक्या अडविण्याची सोय ब्राउझरांतच आली. २००४ सालापर्यंत मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्येंहि ती आली. म्हणून जाहिरात खिडकीबाहेरून घरांत आली, म्हणजे पानाच्या आंतच मजकुरावर पसरूं लागली. हल्लीं जी चौकट आपल्या वाचनावर येऊन बसते ती हीच.

आतां 'कुकी' या शब्दाकडे वळूं, कारण पुढील सर्व प्रकरण तीवर उभें आहे. इंटरनेटवरील पानास स्वतःची स्मरणशक्ति नसते. तुम्ही एक पान पाहून दुसऱ्या पानावर गेलां कीं दुकानदाराच्या दृष्टीनें तुम्ही पुन्हां अनोळखी. टोपलींत टाकलेली वस्तु कोणाची हें त्यास समजेना. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली यांनीं यावर उपाय काढला. देवळाबाहेर चपला ठेवल्या म्हणजे आपल्यास एक बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्यावर आपलें नांव नसतें, केवळ आंकडा असतो, आणि तो दाखविला कीं आपल्या चपला परत मिळतात. कुकी म्हणजे असाच एक बिल्ला, जो संकेतस्थळ तुमच्या संगणकांत ठेवून जातें. येथपर्यंत सर्व निर्दोष आहे.

परंतु कल्पना करा कीं शहरांतील प्रत्येक देवळाबाहेर, प्रत्येक दुकानांत, दवाखान्यांत आणि वाचनालयांत चपला राखणारा माणूस एकाच धन्याचा चाकर आहे, आणि तुम्हांस सर्वत्र तोच आंकडा मिळतो. मग बिल्ल्यावर नांव नसलें तरी, अमुक आंकड्याचा मनुष्य सकाळीं दवाखान्यांत गेला, दुपारीं त्यानें बुटांचें दुकान पाहिलें आणि रात्रीं परीक्षेच्या प्रश्नपत्रिका धुंडाळल्या, एवढें त्या धन्यास कळतें. हजारों संकेतस्थळांवर एकाच जाहिरात कंपनीची चौकट बसलेली असते, आणि ती कंपनी स्वतःची कुकी ठेवीत असते. ही परकी कुकी. फोनमधील ॲपांसाठीं याच कामाचा एक निराळा आंकडा असतो, त्यास जाहिरात-ओळखक्रमांक म्हणतां येईल. एकदां बूट पाहिले म्हणजे पुढें पंधरा दिवस तेच बूट बातमीच्या पानावर, हवामानाच्या पानावर आणि खेळाच्या पानावर आपली पाठ धरतात, त्याचें रहस्य हें आहे. दहा आज्ञांपैकीं शेवटची आज्ञा लोभाविषयींची आहे हें आमच्या शाळेंतील मुलांस सांगावयास नको. परंतु ती पाळावयाची तर ती वस्तु नजरेआड होण्याची थोडी सवड तरी मनुष्यास मिळाली पाहिजे.

याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या बाजार समितींत कांद्याचा लिलाव ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ती लवकर कळेल. शेतकरी कांद्यानें भरलेली ट्रॉली घेऊन उभा असतो. व्यापारी येतात, चार कांदे हातांत घेऊन पारखतात, बोली चढते, आणि अधिक बोलणारा माल नेतो. आपण बातमीचें एखादें पान उघडतों तेव्हां पान पूर्ण दिसण्याच्या आंतच असा एक लिलाव होऊन गेलेला असतो. पानावरील रिकामी चौकट विकावयास काढलेली असते. आपला फोन कोणत्या जातीचा, आपण साधारण कोणत्या भागांत आहों, कोणतें पान वाचीत आहों, आणि आपल्या बिल्ल्याच्या आंकड्याविषयीं पूर्वीं काय जमा झालें आहे, ही माहिती बोली लावणाऱ्या यंत्रांकडे जाते. यंत्रें भाव बोलतात, एक जिंकतें, आणि त्याची जाहिरात चौकटींत बसते. या साऱ्यास सेकंदाच्या एक-दशांशाइतका वेळ पुरतो. डोळ्याची एक उघडझाप होण्यास साधारण एवढाच वेळ लागतो.

लासलगांवच्या शेतकऱ्यास भावाबद्दल कितीहि तक्रार असो, निदान आपला कांदा विकला जात आहे हें त्यास ठाऊक असतें आणि पैसे त्याच्या नांवावर पडतात. येथें ज्याचें लक्ष विकलें जातें तो लिलावास हजर नसतो, त्यास भाव कळत नाहीं, आणि लिलाव झाला याचीहि त्यास वार्ता नसते. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञानें १९७१ सालींच हें ओळखलें होतें. माहिती काय खाते, तर ती घेणाऱ्याचें लक्ष खाते. म्हणून माहितीची रेलचेल झाली कीं लक्षाचा दुष्काळ पडतो, अशा अर्थाचें त्यानें लिहिलें आहे. पुढें १९७८ सालीं त्यास अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या वस्तूचा दुष्काळ पडतो तिला भाव येतो, हें तर आठवीच्या मुलासहि सांगतां येईल.

हा भाव केवढा, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. गूगलचे संस्थापक सर्गेय ब्रिन व लॅरी पेज यांनीं १९९८ सालीं, विद्यार्थिदशेंत, आपल्या शोधयंत्राविषयीं जो निबंध लिहिला त्यांत त्यांनीं अशी भीति बोलून दाखविली होती कीं, जाहिरातीवर जगणारें शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाईल. अवघ्या दोन वर्षांनीं, २००० सालीं, त्याच कंपनीनें जाहिराती विकण्याचें आपलें खातें उघडलें. २०२३ सालीं तिच्या मूळ कंपनीचें एकूण उत्पन्न सुमारें ३०,७०० कोटी डॉलर होतें, आणि त्यांतील सुमारें २३,८०० कोटी जाहिरातींचे होते. मनुष्य विद्यार्थी असतांना जें स्पष्ट पाहतो तें धनी झाल्यावर त्यास तितकेंच स्पष्ट दिसतें असें नाहीं. असो.

अभ्यासाच्या चित्रफितींत जाहिरात येते तेव्हां पांच सेकंदांनीं 'वगळा' असें बटण दिसतें, हें सर्व मुलांस माहीत आहे. या पांच सेकंदांमागील व्यवहार मात्र थोड्यांस माहीत असेल. यूट्यूबनें ही पद्धति २०१० सालीं आणली. तिच्या मूळ नियमाप्रमाणें, पाहणाऱ्यानें जाहिरात तीस सेकंद पाहिली, किंवा ती तीस सेकंदांहून लहान असल्यास पूर्ण पाहिली, किंवा तिला बोट लावलें, तरच जाहिरातदारानें पैसे द्यावयाचे. म्हणून पहिल्या पांच सेकंदांत किंचाळणें, रडणें, पळणें, दार आपटणें असले प्रकार ठासून भरलेले असतात. बटणाकडे जाणारें बोट थांबावें एवढाच त्यांचा उद्देश. बटण दाबणें हें एक प्रकारचें मत आहे. उलट, फोन बाजूस ठेवून पाणी प्यावयास गेलेला मुलगा आपल्या अनुपस्थितींत त्या जाहिरातीस मत देऊन येतो. आतां न वगळतां येणाऱ्या जाहिरातीहि पुष्कळ झाल्या आहेत, आणि त्या नकोत तर महिना अमुक रुपये भरा, असें सांगितलें जातें. म्हणजे आधीं दारांत गोंगाट करावयाचा आणि मग शांतता विकावयास काढावयाची! यास व्यापार म्हणतां येईल. सभ्यपणा म्हणतां येईल कीं नाहीं हें पालकांनीं ठरवावें.

गोंगाट एक वेळ सोसतां येईल. त्याहून घातक असते ती फसवणूक. भारत सरकारच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं जे नियम काढले त्यांत अशा लबाडीचे तेरा प्रकार नांवानिशीं सांगितले आहेत. ते सर्व येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु चारदोन तरी मुलांनीं ओळखून ठेवावे. 'फक्त दोनच नग उरले' किंवा 'दहा मिनिटांत सवलत संपेल' असें खोटेंच सांगून घाई करविणें, हा एक. सवलत नाकारणाऱ्या बटणावर 'नको, मला पैसे वांचवावयाचे नाहींत' असें लिहून नाकारणाऱ्यास लाजविणें, हा दुसरा. नाहीं म्हटल्यावरहि तेंच पुनःपुन्हां विचारून पिच्छा पुरविणें, हाहि एक प्रकार त्यांत गणला आहे. आणि सर्वांत अवघड तो जाहिरात आहे हें लपवून जाहिरात करण्याचा. बातमीच्या वेषांत आलेली जाहिरात, किंवा एखादा लोकप्रिय तरुण सहज बोलतां बोलतां ज्या वस्तूची वाखाणणी करतो ती जाहिरात, मोठ्यांनाहि ओळखतां येत नाहीं. मग सातवींतील मुलास कशी ओळखतां यावी? जाहिरात-व्यवसायाच्या आत्मनियमनासाठीं १९८५ सालीं स्थापन झालेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनें २०२१ सालीं असा नियम केला कीं, पैसे किंवा भेटवस्तु घेऊन केलेल्या स्तुतीवर तसें स्पष्ट लिहिलें पाहिजे. नियम चांगला आहे. तें लिहिलेलें बारीक अक्षरांत, रंगाशीं रंग मिळवून, कोपऱ्यांत सांपडतें, ही गोष्ट वेगळी.

पैसे लावून खेळावयाच्या खेळांची तर कांहीं वर्षें अशी रेलचेल होती कीं, क्रिकेटचा सामना पाहतांना त्या चुकविणें अशक्यच. २०२५ सालीं संसदेनें कायदा करून असले ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती या दोहोंवर बंदी घातली. ज्या घरांत तरुण मुलाचा पगार किंवा शिक्षणाची फी या खेळांत गेली, त्या घरांस या कायद्याची किंमत समजावून सांगण्याची गरज नाहीं.

वाचकानें स्वतः काय करावें, हा प्रश्न उरतो. २००२ सालीं डेन्मार्कमधील एका विद्यार्थ्यानें जाहिराती अडविणारें एक लहानसें साधन लिहिलें, आणि तेव्हांपासून या साधनांची वंशवेल वाढतच गेली आहे. गूगलच्या क्रोम ब्राउझरनेंहि फेब्रुवारी २०१८ पासून फारच त्रासदायक जाहिराती अडविण्यास आरंभ केला. अर्थात् जाहिरातींचा सर्वांत मोठा व्यापारीच येथें न्यायाधीशहि आहे. जाहिराती अडविणें योग्य कीं अयोग्य, यावर वरच्या वर्गांत वादविवाद ठेवण्यासारखा आहे. अडविणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, फोन आमचा, डेटाचे पैसे आमचे, वेळ आमचा. दार लावून घेण्याचा हक्क प्रत्येक गृहस्थास आहे. विरुद्ध पक्ष म्हणतो कीं, सर्वांनींच दार लावलें तर ज्या लहान वृत्तपत्रानें, ज्या कवितेच्या किंवा पाककृतींच्या पानानें आपल्यास फुकट दिलें त्याचा चरितार्थ कसा चालावा? मोठा व्यापारी टिकेल, लहान लेखक मरेल. दोन्ही पक्षांत सत्य आहे. आमचें मत विचाराल तर, पाळत ठेवणारी व मजकुरावर बसणारी जाहिरात अडविण्यांत कसलाहि अधर्म नाहीं. परंतु जें वृत्तपत्र किंवा जें संकेतस्थळ आपण रोज वाचतों, त्यास वर्षाची वर्गणी भरण्याची ऐपत असतांना ती न भरणें, हें मात्र शोभत नाहीं. आपल्या समाजांत मासिकाची वर्गणी भरणारा आणि त्याच्याकडून मागून वाचणारा असे दोन वर्ग फार जुने आहेत, आणि दुसरा वर्ग नेहमींच मोठा असतो.

कायदाहि हळूहळू जागा होत आहे. युरोपांत २५ मे २०१८ पासून नवा कायदा लागू झाला आणि संमति घेतल्यावांचून पाळत ठेवण्यास आळा बसला. त्याचा एक विनोदी परिणाम असा झाला कीं, संमति मागणारी चौकटच आतां प्रत्येक पानावर आडवी येते; आणि 'मान्य' हें बटण मोठें, 'अमान्य' हें दोन पायऱ्या खालीं. आपल्या देशांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व २०२५ सालीं त्याचे नियम प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाच्या आहेत. या कायद्यांतील एक कलम आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलाशीं संबंध राखतें. अठरा वर्षांखालील प्रत्येकजण त्या कायद्यानें बालक आहे. बालकाच्या हालचालींवर पाळत ठेवणें आणि त्यास नेम धरून जाहिरात दाखविणें, यांस त्या कलमानें मनाई केली आहे. तथापि एक अडचण उघड दिसते. घरांतील एकच फोन वडील, आई आणि मुलें आळीपाळीनें वापरीत असतील, तर पडद्यापुढें आतां कोण बसलें आहे हें यंत्रानें कसें ओळखावें? वडिलांच्या बिल्ल्यावर मूल जाहिराती पाहतें, आणि कायद्याचें कवच त्यास मिळत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, फोनमधील दोनतीन कळा त्यांनीं स्वतः फिरवाव्या. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगांत जाहिरातींचा जो भाग आहे, तेथें जाहिरात-ओळखक्रमांक पुसून टाकतां येतो. आयफोनवर २०२१ सालापासून प्रत्येक ॲपास पाळत ठेवण्यापूर्वीं परवानगी विचारावी लागते, ती नाकारावी. सफारी व फायरफॉक्स हे ब्राउझर परक्या कुकींस मूळपासूनच अडवितात. क्रोमनें तसें करण्याचा बेत जाहीर करून अखेर तो सोडून दिला, यास्तव तेथें ती कळ हातानें लावावी लागते. एवढें केल्यानें जाहिरातींची संख्या कमी होणार नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों. जाहिराती येतीलच; फरक इतकाच कीं त्या आपली ओळख न ठेवतां येतील, जुन्या रेडिओवर येत तशा. मुलांसाठीं शक्य तर निराळें खातें त्यांच्या खऱ्या वयासह काढावें. वय वाढवून सांगण्याची जी रीत पडली आहे, ती मुलाचें संरक्षण आपल्याच हातानें काढून घेते. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक सेवेच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते, आणि तीसाठीं पडद्याचें चित्र टिपून ठेवलेलें असलें म्हणजे काम सोपें होतें.

विद्यार्थ्यांसाठीं एक अभ्यास देतों. सुटींतील कोणत्याहि एका दिवशीं, अभ्यासासाठीं फोन हातीं घ्याल तेव्हां शेजारीं एक वही ठेवा व तींत चार रकाने आखा. पहिल्यांत जाहिरात कशाची होती तें लिहा. दुसऱ्यांत ती मिटविण्यास किती सेकंद लागले. तिसऱ्यांत, ती सर्वांस दिसणारी वाटली कीं आपली ओळख धरून आलेली, आणि तसें कां वाटलें. चौथ्यांत, ती जाहिरात आहे हें कोठें लिहिलेलें सांपडलें. एक तास झाला कीं थांबा. दुसऱ्या रकान्याची बेरीज सेकंदांतच लिहावी. तिचीं मिनिटें, आणि मग शाळेच्या एका वर्षाचे तास करण्याचें काम गणिताच्या वहींत होईल. वर्गांतील सर्वांच्या वह्या शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे तिसरा रकाना वाचण्यास विशेष मौज येईल, कारण एकाच धड्याची एकच चित्रफीत पाहणाऱ्या दोन मुलांच्या वह्यांत त्या रकान्यांतील मजकूर सहसा जुळत नाहीं.